‘त्याचे हात मोडले तर माझं काय चुकलं?’

पत्र

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिनं आईला सांगितलं, की शिकवणीचे सर बाकीची मुलं गेली की तिला थांबवून घेतात आणि नको तिथे हात लावतात. ‘घरी सांगितलंस तर तू कॉपी करतेस असं बाबांना सांगेन’ अशी धमकीही त्यांनी तिला दिली आहे. शिकवणी लगेच बंद केली. तेव्हापासून मला झोप नाही. माझे चार मित्र तयार आहेत. शनिवारी तो शिकवणी आटोपून निघाला, की त्याचे दोन्ही हात मोडायचे असं ठरलंय. जीव घ्यायचा नाही. लोखंडी पाइप गाडीच्या डिकीत ठेवलाय. बायको म्हणते पोलिसांत जाऊ. आई म्हणते मुलीची जात आहे, चारचौघांत जायला नको. कोर्टात वर्षानुवर्षं जाणार आणि हा जामिनावर मोकळा फिरणार. मग बाप म्हणून मी काही करायचंच नाही का? मुलीशी मी यावर अजून बोललो नाही, माझ्याच्यानं होत नाही.

— एक बाप

उत्तर

शनिवार जवळ आलेला असल्यामुळे सदर निघायची वाट पाहिली नाही, हे उत्तर तुम्हाला ई-मेलवर आधीच पाठवलं. इथे देते आहे ते बाकीच्या आईबापांसाठी. मुलीची ओळख पटेल असं जे जे पत्रात होतं ते काढून टाकलं आहे.

आधी हे सांगते, की तुमच्या मुलीवर माझा पूर्ण विश्वास आहे. नऊ वर्षांचं पोर असलं काही मनानं रचून सांगत नाही, तेही धमकी पोटात घेऊन. आणि तुमच्या रागाबद्दल मी तुम्हाला उपदेश करणार नाही. पोरीच्या अंगाला हात लावला हे ऐकून ज्या बापाच्या हाताच्या मुठी वळत नाहीत, त्याची मला जास्त काळजी वाटली असती. पण शनिवारचा बेत रद्द करा. का, ते नीट सांगते. ‘कायदा हातात घेऊ नये’ एवढं वाक्य तुमच्या तोंडावर मारून मला मोकळं व्हायचं नाही.

समजा, त्या दिवशी तुम्ही तिला न्यायला जरा लवकर गेला असतात, दार ढकललं असतं आणि ते डोळ्यांनी पाहिलं असतं. तिथल्या तिथे त्याची कॉलर धरून त्याला फरफटत बाजूला केलं असतं, आणि त्या झटापटीत त्याचा हात मोडला असता, तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहिला असता. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ याच हक्काची आहेत. आधीच्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःला वाचवण्याइतकाच दुसऱ्या कुणाला वाचवण्याचाही हक्क त्यात आहे. हल्ला बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूनं होत असेल, तर अडवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. बापाचं रक्त तापतं हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं समजू नका.

मात्र हा हक्क धोका दिसला की सुरू होतो आणि धोका टळला की संपतो. पोलिसांकडे जायला सवड असेल तर तो मिळतच नाही. जगातल्या बहुतेक देशांचे कायदे थोड्याफार फरकानं हेच म्हणतात. शनिवारी संध्याकाळी तुमची मुलगी घरी सुखरूप असेल. त्या क्षणी तुम्ही तिला कशापासूनही वाचवत नसाल, त्याला शिक्षा देत असाल. शिक्षा द्यायचा हक्क बापाला कुठल्याच कलमानं दिलेला नाही.

‘जीव घ्यायचा नाही, फक्त हात मोडायचे’ असं तुम्ही लिहिता, जणू ही सवलतच आहे. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत. नुसत्या हातांनी केली तर सात वर्षांपर्यंत कैद. जीवावर बेतू शकेल अशा हत्यारानं केली तर कमीत कमी एक वर्ष आणि वर जन्मठेपेपर्यंत. लोखंडी पाइप यातच धरला जाईल. शिवाय तुम्ही आणि चार मित्र मिळून पाच जण होता. पाच हा आकडा कायद्यात मुद्दाम ठेवलेला आहे. गुन्ह्याच्या उद्देशानं पाच जण एकत्र आले, की तो बेकायदेशीर जमाव होतो, आणि त्या उद्देशापायी एकानं जे केलं त्याला पाचही जण जबाबदार धरले जातात. अंधारात पाच जण एका माणसावर तुटून पडल्यावर पाइप हातावर बसेल की डोक्यावर, हे कोण ठरवणार? ज्या मित्रानं नुसती गाडी चालवली, त्याच्याही घरी बायकापोरं असतीलच.

‘पण कोर्ट माझी मनःस्थिती समजून घेईल’ असं तुम्हाला वाटत असणार. रागाच्या भरात घडलेल्या गुन्ह्याकडे कायदा सौम्यपणे बघतो हे खरं आहे, पण तो राग गंभीर आणि अचानक उसळलेला असावा लागतो. नानावटी खटला आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतो. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी नौदल अधिकारी नानावटींना पत्नीनं आहुजा नावाच्या माणसाशी असलेल्या प्रेमसंबंधाची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना चित्रपटगृहात सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजांच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. घर सोडलं तेव्हा दीड वाजला होता, गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, आणि जन्मठेप कायम ठेवली. (पुढे ते सुटले, पण राज्यपालांच्या माफीनं.) तिथे मध्ये तीन तासही नव्हते. तुमच्याकडे आठवडा आहे, ठरलेला वार आहे, डिकीत आणून ठेवलेला पाइप आहे आणि मित्रांशी फोनवर झालेली बोलणी-मेसेज आहेत. अचानक आलेला राग म्हणून हे कुणाला पटवणार?

हे सगळं तुमच्याबद्दल झालं. मला जास्त काळजी मुलीच्या खटल्याची आहे.

साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे आहात. बचावाचा वकील शांतपणे एकेक प्रश्न विचारतो आहे. शनिवारी तुम्ही आरोपीला मारहाण केलीत, हे खरं का? त्याच रात्री तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, हे खरं का? मुलीची फिर्याद त्यानंतर, सोमवारी दिलीत, हेही खरं ना? मग तो म्हणणार, मारहाणीतून सुटण्यासाठी तुम्ही स्वतःच्या लहान मुलीला पुढे करून खोटी केस रचलीत. तुम्ही ओरडून सांगाल, ‘हे म्हणणं खरं नाही.’ कागदावर तेवढंच वाक्य उतरेल. पण संशयाचा कोळसा उगाळून झालेला असेल, आणि तो त्याच्या हातात तुम्हीच दिलेला असेल. आज त्याच्याकडे बचाव काय आहे? काही नाही. शनिवारी रात्री प्लॅस्टरमधल्या दोन हातांचे फोटो असतील.

आणखी एक गोष्ट होते, ती पोलिस ठाण्याच्या बाहेर. दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले, की मध्यस्थ येऊन बसतात. ‘तुमचं पोरगीचं मागे घ्या, आम्ही मारामारीचं मागे घेतो, दोघांचीही सुटका.’ बापाच्या डोक्यावर अटकेची टांगती तलवार असली, की आई, आजी, मामा, सगळे मुलीकडेच बघू लागतात. नऊ वर्षांच्या मुलीनं ‘असं काही झालंच नव्हतं’ म्हणावं यासाठी घरातूनच दबाव येतो. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, आणि त्याखालचा गुन्हा तडजोडीनं मिटवता येत नाही. एका शिक्षकाविरुद्धच्या अशाच प्रकरणात, आपसात मिटलं म्हणून रद्द झालेला गुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा जिवंत केला. पण कागदावर तडजोड होत नसली, तरी साक्षीदार फिरला की खटला पडतोच. आपला साक्षीदार म्हणजे ती. तिच्या पायाखालची जमीन आपणच खणायची का?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९८४ साली एका मुलाला त्याच्या कराटे शिक्षकानं पळवून नेलं होतं. आधी बरेच महिने तो त्या मुलावर अत्याचार करत होता. पोलिस त्या शिक्षकाला पकडून घेऊन येत असताना विमानतळावर मुलाचे वडील गॅरी प्लाउशे टेलिफोनवर बोलत असल्यासारखे उभे राहिले आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी त्याच्या डोक्यात गोळी घातली. न्यायालयानं त्यांना सात वर्षांची स्थगित शिक्षा, पाच वर्षांची देखरेख आणि तीनशे तास समाजसेवा एवढ्यावर सोडलं. तुमच्या मित्रांपैकी कुणी ना कुणी ही गोष्ट तुम्हाला सांगेलच, ती फार फिरते. त्यापुढची गोष्ट कुणी सांगत नाही. तो मुलगा मोठा झाल्यावर जाहीरपणे म्हणाला, की वडिलांनी जे केलं त्याचा त्याला तेव्हा फार राग आला होता. त्या माणसानं मरावं असं त्याला वाटत नव्हतं, तो तुरुंगात जाणार होता तेवढं त्याला पुरेसं होतं. पुढे बापलेकाचं जुळलं. पण गोळी झाडण्यापूर्वी ‘तुला काय हवंय’ असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जर्मनीतल्या मारिआने बाखमायर या आईनं ६ मार्च १९८१ रोजी ल्युबेकच्या न्यायालयात, भर खटल्यात, मुलीच्या मारेकऱ्यावर गोळ्या झाडल्या. सहा वर्षांची शिक्षा झाली, तीनेक वर्षांत सुटका. तिच्याबद्दल कुणालाही कणव वाटेल. पण आरोपी मेल्यानं त्या मुलीच्या खुनाचा खटला निकालाविनाच संपला.

नैतिकतेचा प्रश्न तुम्ही विचारलात, ‘माझं काय चुकलं?’ माझं मत सांगते, पटलं नाही तरी चालेल. तुमच्यापुरतं बघितलं तर तुम्ही चुकीच्या माणसाला मारणार नाही आहात. पण ‘मुलांसाठी’ हे कारण पुढे केलं की माणसं विचार करायचं थांबवतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या जमावातल्या प्रत्येकाला आपण पोरांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. ते आणि तुम्ही सारखे, असं मी म्हणत नाही. पण पुराव्याआधी शिक्षा करायची मुभा तुम्हाला दिली, तर त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

आणि दुसरं म्हणजे, त्या शिकवणीत अजून मुलं बसतायत. हात मोडलेला मास्तर दोन महिन्यांत बरा होतो, गाव बदलतो, नवा फलक लावतो. त्याच्या नावावर कुठे काही नोंद नसते, उलट मार खाल्लेला बिचारा म्हणून चार जण त्याची चौकशी करतात. गुन्हा नोंदवला गेला, तर पोलिस बाकीच्या मुलांच्या घरीही जातील. तुमच्या मुलीनं तोंड उघडलं म्हणून आणखी कुणी उघडण्याची शक्यता आहे. तुमच्या बेतात त्या मुलांना जागाच नाही.

कोर्टाला वेळ लागतो हे तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पोक्सो कायद्यात, न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात निकाल, असं लिहिलेलं आहे. त्या ‘शक्यतो’मध्ये फार काही मावतं. तारखा पडतील, तुमचं कामाचं खाडं होईल, तो जामिनावर सुटून रस्त्यात दिसेलही. जामिनाच्या अर्जावर तुमचं म्हणणं मांडायला जा, त्यानं मुलीच्या आसपास फिरकू नये अशी अट घालायला लावा. अट मोडली तर जामीन रद्द करून घेता येतो. स्वतःचा वकील लावता येतो, आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. हे काम कंटाळवाणं आहे, याचे व्हिडिओ कुणी काढत नाही. पण ‘बाप म्हणून काय करू’ याचं उत्तर यातच आहे. दोन-तीन वर्षं एकही तारीख न चुकवणारा बाप तिला लागणार आहे, आणि गजाआड बसून ते जमत नाही.

आता आईंच्या भीतीबद्दल. त्यांना सांगा, की मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, काहीही छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. खटला बंद दरवाजाआड चालतो. जबाब घ्यायला पोलिस घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी येतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. आई-वडील सोबत बसू शकतात. आरोपी तिच्यासमोर येणार नाही याची काळजी घेणं न्यायालयाला बंधनकारक आहे. वकील तिला थेट प्रश्न विचारू शकत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारावे लागतात. उलट शनिवारी भर रस्त्यात मारामारी झाली, की ‘का मारलं बरं मास्तरला?’ हा प्रश्न रात्रीपर्यंत घरोघर पोचलेला असेल. गाजावाजा नको असेल, तर पाइपसारखा गाजावाजा दुसरा नाही. याच कारणासाठी त्याचं नाव आणि फोटो व्हॉट्सॲपवरही फिरवू नका. त्याच्यावरून लोक मुलीपर्यंत पोचतील.

आणि ‘सांगायचं की नाही’ हा पर्याय तुमच्याकडे आता राहिलेलाच नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यात तुम्ही आलात, तुमची पत्नी आली, आई आल्या, आणि तुम्ही सगळं सांगून बसलेले ते चार मित्रही आले. मीही आले. म्हणून ई-मेलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे, तुम्ही नाही कळवलंत तर मी कळवणार.

आज करायचं ते असं. मुलीनं आईला नेमके कोणते शब्द सांगितले, ते पत्नीला एका कागदावर जसेच्या तसे लिहून काढायला सांगा, तारीख-वेळ घालून. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करू नका, ‘पोलिसांना असं सांग’ म्हणून पढवू नका. पढवलेली साक्ष उलटतपासणीत ओळखू येते. त्या माणसाला फोन करू नका, जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होईल आणि पुरावे पुसेल. त्याचे आलेले मेसेज, फीच्या पावत्या, शिकवणीचं वेळापत्रक जपून ठेवा. मग पत्नीसोबत पोलिस ठाण्यात जा. आमच्या हद्दीत येत नाही असं कुणी म्हणालं, तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घ्या म्हणा. तो नोंदवून पुढे पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे. टाळाटाळ झाली तर पोलिस अधीक्षकांना लेखी द्या, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालतो. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतील आणि घरचं माणूस सोबत असेल. खटला संपेपर्यंत कुटुंबाला सोबत करणारी, पोलिस-कोर्टाचं कामकाज समजणारी एक व्यक्ती बाल कल्याण समितीमार्फत मिळते, ती मागून घ्या. बरेच जण मागतच नाहीत.

आणि मुलीशी बोला. चार मित्रांशी तुम्ही तासन् तास बोललात, तिच्याशी एक शब्द नाही. आठवडाभर बाबा नजर टाळतायत, कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलतायत, शिकवणी बंद झाली, हे सगळं तिला दिसतंय. तिच्या डोक्यात काय जुळत असेल? मी सांगितलं म्हणून बाबा रागावले. त्याची धमकी तिला खरी वाटू लागली असेल. फार काही बोलायचं नाही. ‘आईनं मला सांगितलं. तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, आता आम्ही बघतो.’ ती गप्प राहिली तर राहू द्या. रडू आलं तर येऊ द्या, तिला किंवा तुम्हाला. त्याला कसा धडा शिकवणार आहात, यातलं मात्र तिच्यासमोर काही नको.

मित्रांना कामं द्या. एकाला पोलिस ठाण्यात सोबत न्या. दुसऱ्याला ओळखीतला फौजदारी वकील शोधू दे. तिसऱ्यानं शनिवारी संध्याकाळी तुमच्या घरी येऊन बसावं, कारण त्या वेळेला तुमचे पाय तिकडे वळतील. पाइप चौथ्याच्या घरी जाऊ दे. फिर्याद दिल्यावर तिची एक प्रत तिथेच विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका, आणि मला ई-मेलवर तेवढंच कळवा, की प्रत मिळाली.